न बदललेली कुलपं

थोरली आली ती भांडायच्या तयारीनेच. लढाई थांबून वर्ष उलटलं, आपलं घरही गेलं असं धाकटा भाऊ स्वतःच सांगत होता, तरी त्या पडक्या गावातून हलायला तयार नव्हता. फोनवर समजावून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी तिने दोघांची परतीची तिकिटं काढली आणि स्वतःच येऊन थडकली. त्याला कानाला धरून न्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

गल्लीत शिरली आणि तिचं अवसानच गळालं. कोपऱ्यावरचा दवाखाना नाही, शाळेची भिंत नाही, ओळखीचं काही सापडेना. तेवढ्यात आपलं दार दिसलं. हिरवं, खालच्या फळीला कुत्र्याने ओरबाडलेलं. तिचा जीव भांड्यात पडला. घर गेलं म्हणे! भावाने थापाच मारल्या होत्या तर. किल्ली तिला कधी टाकवली नव्हती, ती पर्समध्येच होती. दार नेहमीसारखं अडलं, तिने नेहमीसारखं गुडघ्याने ढकललं आणि चपला काढून थेट आत गेली.

आत भलतीच खोली. खिडकीशी शिलाई मशीन आणि एक म्हातारी शिंपीणबाई पँटला चेन लावत बसलेली. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकले हो मावशी," ती पुटपुटली.

"चुकतेस कशाची? किल्ली लागली ना?" शिंपीणबाईंनी दोरा दातांनी तोडला. "बस. तुझा भाऊ म्हणालाच होता, ताई आली तर आधी इथेच घुसेल."

मग त्यांनी पाणी देत देत सगळं सांगितलं. "तुमचं घर समोर होतं. ते गेलं, दार राहिलं. माझं घर राहिलं, दार गेलं. तुझ्या भावाने हे उचलून इथे बसवलं. साऱ्या गल्लीत असंच केलंय त्याने. कुलूप मात्र कुणाला बदलू देत नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे तो कधीही परत येईल, म्हणतो, त्याला एक तरी खोली उघडली पाहिजे. आलेल्याला आधी बसवायचं, मग कोण म्हणून विचारायचं."

"आणि येतात लोक?"

"येतात तर. परवा न्हावी आला. सरळ मास्तरांच्या घरात घुसला, मास्तर अंघोळीला बसलेले." शिंपीणबाईंना हसू आवरेना. "आता तिथेच राहतो. मास्तरांची दाढी फुकट होते."

थोरली बाहेर आली आणि पुन्हा गल्लीकडे पाहू लागली. आता तिला फक्त दारं दिसत होती. सुईणीचं पिवळं दार सायकलवाल्याच्या दुकानाला. धोब्याचं बुटकं दार, वर फळी ठोकून उंच केलेलं. दिसायला सारी ठिगळं, पण एकेका ठिगळामागे कुणी ना कुणी परक्या माणसासाठी जागा धरून बसलं होतं. एवढं मोठं काही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्या शेंबड्या भावाने केलं होतं.

शेंबडा भाऊ गल्लीच्या टोकाला होता. तोंडात स्क्रू धरून तो एकटाच एक जड दार चौकटीत बसवत होता. केवढा वाळला होता, केस पिकले होते.

"आलीस? हे धर जरा," तो म्हणाला.

तिने धरलं. "कुणाचं हे?"

"पोस्टमनचं. त्याचा अजून पत्ता नाही."

"तू गेलास तर हे कोण करणार?"

"कुणी नाही. लोक नवी कुलपं घालतील. त्यांचं तरी काय चुकलं?" त्याने स्क्रू पिळला. मग हात थांबवून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिकिटं काढली असशीलच. येतो मी. फार एकटा पडलोय ग ताई. तू म्हणशील तेव्हा निघू."

तिला हेच तर हवं होतं. यासाठीच ती एवढ्या लांब आली होती. पण त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकून आणखी दारं उभी होती, प्रत्येकाचं कुलूप तेल घालून पुसलेलं.

"वरची बाजू तिरकी झालीय," ती म्हणाली. "आधी ती सरळ कर."

"आणि मग?"

"मग पुढचं दार आण. मी धरते."