गाळलेल्या एकशे अठ्ठावीस नोंदी

पुठ्ठ्याच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला सोनेरी शाईतली गणपतीची अर्धी सोंड होती, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतली, आणि पुढच्या बाजूला तिच्याच बारीक अक्षरात ‘आकडा स्थिरावत नाही : पाहा पान ४७’. त्यावर तिरकी लाल रेघ. ती मारताना हात जराही अडखळला नव्हता, हे नम्रताला स्वच्छ आठवत होतं. हा विषय नाही, ही तक्रार आहे, असं ती स्वतःशी म्हणाली होती. सूचीत तक्रारी नसतात... आणि आता सकाळपासून तोच तुकडा बोटांत फिरत होता.

कट्टा गावच्या बाजारात बाबांचं हार्डवेअरचं दुकान. आईच्या आजारपणापासून दुपारी ती इथेच बसायची, रंगाच्या डब्यांच्या आडोशाला लॅपटॉप ठेवून. ती ज्यावर काम करायची तो प्रकल्प तसा छोटा : विहिरीत सोडायचा एक स्वस्त सेन्सर आणि पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारं सॉफ्टवेअर, कुणाच्याही मालकीचं नसलेलं, हवं त्याने वापरावं, जमेल त्याने सुधारावं. सुधारणारे गावोगाव विखुरलेले, त्यातल्या एकालाही ती भेटलेली नव्हती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं नुसती नोकरीचे अर्ज पाठवण्यात गेली होती. मग तिने त्यांच्या मराठी माहितीपुस्तिकेच्या शेवटी असते ती सूची, कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणारी, लावायला मागून घेतली. तीनशे चाळीस नोंदी होत्या, कुणीही कधीही घुसडलेल्या. ‘खारं पाणी’, ‘मीठ’, ‘क्षार’, ‘विहीर मचूळ होणे’ – चारही एकाच पानाकडे नेणाऱ्या. तिला ते पाहवेना. एका पदार्थाला एक नाव, हे तर पहिल्या वर्षात शिकवतात. सहा आठवडे खपून तिने पत्रिकांच्या तुकड्यांवर सगळी सूची पुन्हा मांडली, जिच्यावरून पाण्यातले क्षार मोजतात त्या ‘विद्युतवाहकता’ या एका शब्दाखाली ती चारही माणसं... माणसं नव्हे, नोंदी... एकत्र आणून बसवली. उरल्या दोनशे बारा. प्रकल्प सांभाळणाऱ्या अजयने लिहिलं होतं, इतकी नेटकी सूची आपल्याकडे कधीच नव्हती. पुस्तिका आज पाच वाजता छापायला जायची होती, आणि त्याबरोबर माहितीपुस्तिकांची जबाबदारी नम्रताकडे दिल्याचं जाहीर व्हायचं होतं. तिच्या नावावरची पहिली गोष्ट.

आणि सकाळी लिलियनबाईंचा निरोप आला. वेंगुर्ल्याच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात. पुस्तिकेच्या चाचणीच्या वीस प्रतींपैकी एक त्यांच्याकडे गेलेली. प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, त्यांनी शांतपणे लिहिलं होतं : शाळेच्या विहिरीवर सेन्सर सोडला की आकडा सारखा बदलतो. दोन दिवस पुस्तिका चाळते आहे. उत्तर सापडत नाही. बहुधा हे आमच्यासारख्यांसाठी नसावं.

सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे – सेन्सर पाण्यात दहा मिनिटं न हलवता राहू द्या, मग आकडा वाचा. एवढंच. नम्रताने तिथल्या तिथे उत्तर लिहून पाठवलं, बाईंनी आभारही मानले. अजयचं म्हणणं, झालं की मग, एका वाचकासाठी काय थांबायचं. खरंच, काय थांबायचं? ती ओळ सूचीत आहेच की, ‘तापमान-समतोल’, म्हणजे सेन्सर आणि पाणी एकाच तापमानाला येणं, या नोंदीखाली. बरोबर जागी. पण जिला आपला आकडा का नाचतो हेच कळत नाही, ती तापमान-समतोल शोधायला कशी जाईल... ज्याला ते नाव ठाऊक आहे त्याला ते पान उघडायची गरजच काय? मी कुणासाठी लावली ही सूची?

“मंगेशा रे, न्हाणयेतलो नळ टपटपता. कायतरी दी, डोक्याक ताप झालो.”

काशीबाई दारात उभ्या होत्या. बाबांनी मान वर न करता डाव्या हाताने एक डबा ओढला : दोन मापांचे वॉशर, धाग्याची गुंडी, पांढरी टेप, छोटा पाना. वॉशर असे तीन वेगवेगळ्या डब्यांत असत, नळाच्या, पंपाच्या आणि फवारणीयंत्राच्या. ते नम्रताला पुरेपूर माहीत होतं, कारण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत तिनेच ते सगळे एकत्र करून मापानुसार बरण्यांत भरले होते, चिठ्ठ्या लावून. सुंदर दिसत होतं. बाबांनी शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवलंही होतं. मग ती कॉलेजला परत गेली आणि गणपतीला आली तेव्हा डबे पुन्हा जागच्या जागी होते. तिने काही विचारलं नाही, कारण तिला राग आला होता. पाच वर्षं तो राग कुठेतरी चिठ्ठी न लावता पडून होता.

काशीबाई, तुझ्या चेडवान आता कॉम्प्युटराचा दुकान घातल्यान काय, असं नम्रताच्या लॅपटॉपकडे बघून बाबांना विचारत, हसत निघून गेल्या. नम्रताने लॅपटॉप अर्धा मिटला.

“बाबा, त्या बरणयो... तेव्हा माका सांगलास कित्याक नाय?”

त्यांना कुठल्या बरण्या ते लगेच कळलं, म्हणजे ते विसरले नव्हते.

“काय सांगूचा? मांडणी बरी होती गो. माका फक्त काय गावत नाय होता.”

एवढं बोलून ते खिळे तोलायला लागले. टोमणा नव्हता त्यात, हीच पंचाईत. महिनाभर गिऱ्हाईक उभं ठेवून हा माणूस बरणीमागून बरणी उघडत राहिला असेल, मुलीने लावलंय म्हणून, आणि सापडलं नाही की दोष स्वतःच्या नजरेला देत असेल... जसा बाईंनी दिला. बहुधा हे आमच्यासारख्यांसाठी नसावं. हे वाक्य तिने अर्ज परत आल्यावर किती वेळा स्वतःशी म्हटलं होतं, नेमकं याच शब्दांत.

चार वाजून वीस मिनिटं. जुन्या सूचीची फाईल तिने पुसलेली नव्हती. गाळलेल्या सगळ्या एकशे अठ्ठावीस नोंदी परत आणायच्या नाहीत. काही खरोखरच कचरा होत्या, तेवढा स्वतःच्या नजरेवर तिचा विश्वास होता. पण अजयला लिहायचं म्हणजे छपाई अडणार, आणि त्याने वाखाणलेलं आपलं काम आपणच परत मागणारी मुलगी जबाबदारीला कशी, हा प्रश्नही येणार. येऊ दे? निरोपाच्या चौकटीत तिने ‘अजय, सूचीत माझी एक चूक’ एवढं लिहिलं आणि हात थांबला, भीतीने असेल, पण नुसत्या भीतीने नव्हे. मनात कुणीतरी बोलायला लागलं होतं. कुठल्याशा घरामागच्या परड्यात विहिरीच्या काठाशी उभं राहून, तांब्यातल्या पाण्याचा घोट जिभेवर फिरवत ते म्हणत होतं, काल पाणी असं नव्हतं. त्याला काय म्हणतात हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि विलक्षण म्हणजे या क्षणी नम्रतालाही आठवेना. फक्त जिभेवरची ती चव तेवढी स्पष्ट होती, आणि ती चव घेऊन माणूस पुस्तिकेचं कुठलं पान आधी उलटेल हे शोधण्याची, सहा आठवड्यांत प्रथमच, एक अनावर उत्सुकता.