बत्तीस बैल

जयलक्ष्मीबाईंच्या फ्रिजात, भाजीच्या खणात, बत्तीस पिशव्या चिखल होता आणि तो बाईंनी स्वतःच्या हातानं लावून ठेवला होता. हुबळीच्या विद्यानगरात कुणाला हे सांगितलं असतं तर बाईंचं डोकं फिरलं म्हणून लोक मोकळे झाले असते. कारण ह्या घराच्या फ्रिजात अंडं तर सोडाच, लसणाची पाकळीसुद्धा कधी शिरली नव्हती. पण विचारणारी हेल्मी होती, आणि हेल्मीला नाही म्हणणं बाईंना जमत नसे.

हेल्मी ही त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, फिनलंडची. वय पस्तीस-छत्तीस, उंची इतकी की जिन्याच्या वळणावर रोज मान वाकवावी लागे, आणि काम काय, तर तळ्यांच्या तळाची माती तपासणं. धारवाडच्या एका प्रयोगशाळेत ती दीड वर्षाच्या मुदतीवर आली होती. धारवाडपलीकडच्या एका जुन्या तळ्यात तराफा घालायचा, तळात नळी खुपसायची, मातीचा उभा दांडा अख्खा वर काढायचा, त्याच्या बोटबोटभर जाडीच्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती एकेका पिशवीत, वर नंबर घालून. एक नंबर म्हणजे अगदी वरची, कालपरवाची माती. बत्तीस नंबर म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांमागची. कुठल्या चकतीत कुठल्या झाडाचे परागकण आहेत, काजळी किती, शिसं किती, एवढं मोजलं की त्या काळी आसपास काय पिकत होतं, काय जळत होतं आणि लोक कसली हवा घेत होते ते कळतं म्हणे.

प्रयोगशाळेच्या फ्रिजात जागा व्हायला पंधरा दिवस होते आणि माती तर थंड राहायला हवी. हेल्मीनं तोंड एवढंसं करून विचारलं. बाईंनी एक दिवस विचार केला, तळ्याचं पाणी म्हणजे गंगाच, तेव्हा तिच्या तळची माती काही ओवळी नव्हे असा आपल्यापुरता निकाल दिला आणि दोडके बाहेर काढून खण मोकळा केला. ह्या पिशव्यांची किंमत त्यांना ठाऊक होती. पाऊस लागून तळं भरलं होतं, आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नळी तळाला लागणार नव्हती आणि हेल्मीची मुदत ऑगस्टातच संपत होती. दीड वर्षाचं सगळं काम त्या खणात होतं.

आणि पोरगी नुसती कामाचीच होती असंही नाही. तिला हुबळीत राहण्याचं जे काही सुख वाटे ते बघून बाईंना हसावं की काय करावं कळत नसे. दोरीवरचे कपडे दोन तासांत वाळतात ह्याचं तिला सुख. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर भाजीवाली भारती कढीपत्ता फुकट टाकते ह्याचं सुख. संध्याकाळी कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचं, आणि वर आणखी एक प्लेट मागायची. रविवारी जुन्या हुबळीच्या बोळांतून उगाच हिंडून यायचं आणि येताना कुठल्या तरी दुकानातून दोन पळ्या, एक झाऱ्या घेऊन यायचं. मराठी ती बाईंकडून शिकली, कानडी भारतीकडून, आणि एकाच वाक्यात दोन्ही कालवायची. म्हणजे अगदी हुबळीकरच झाली म्हणा ना. फाटकातून निघाली की तीन घरची माणसं कुठं निघालीस विचारत. आपण विचारतो ते विचारायचं म्हणून. पण ही बया थांबून प्रत्येकाला खरं उत्तर द्यायची, आधी बँकेत, मग चपलेचा अंगठा शिवायला, मग धारवाड. तिच्या गावी म्हणे शेजाऱ्यानं दहा वर्षांत तिला काही विचारलं नव्हतं. इथं सगळे विचारतात, हे तिचं सगळ्यात मोठं सुख.

बाईंचा मुलगा पुण्याला आणि सून त्याहून लांब मनानं. तेव्हा ही लांबडी पोर 'अक्का, अक्का' करत स्वयंपाकघरात येऊन बसली की बाईंना बरं वाटे. फार बरं वाटे, खरं सांगायचं तर.

मण्णेत्तिन अमावास्या आली. आपल्याकडे पेरणीच्या सुमाराला मातीचे बैल करून पुजतात, ती अमावास्या. बाजारात बैलजोड्या मिळतात, पण ह्या घरात तळ्याची माती आणून बैल घरीच करायचे, ही सासूबाईंपासूनची रीत. माती भाचा संतोष आणून देई आणि बैल बाईंचे यजमान करत. बाळाचार्य म्हणजे छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले गृहस्थ. घरकामात त्यांचा वाटा वर्षातून एकदा, हे दोन बैल. ते आठ दिवस मंत्रालयाला स्वामींच्या मठात राहून आदल्या रात्रीच परतले होते. सकाळी बाई देवळात निघाल्या तेव्हा यजमानांना सांगून गेल्या की माती आलीय, बैल तेवढे करून पाटावर मांडून ठेवा. संतोष सात वाजता माती टाकून जाणार होता, त्याच हिशेबानं त्या बोलल्या. संतोषची गाडी बंद पडली होती आणि माती आलीच नव्हती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि फ्रिजात कसली माती आहे हे यजमानांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाई साडेदहाला परतल्या. फाटकातूनच त्यांना कपड्यांची दोरी दिसली. दोरीवर चिमटे लावून ओळीनं पिशव्या वाळत घातल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, आणि प्रत्येकीवर हेल्मीच्या हातचा नंबर. पायातल्या चपलांसकट त्या देवघरापर्यंत गेल्या, आणि आयुष्यात असं त्यांनी कधी केलं नव्हतं. पाटावर, पाट पुरला नाही म्हणून बाजूला चौरंगावर, लिंबाएवढे लिंबाएवढे बैल उभे होते. शिंगं, वशिंडं, शेपट्या, सगळं रेखीव. बत्तीस बैल.

बाळाचार्य खुशीत होते. माती अंगणात दिसली नाही, ओसरीवर दिसली नाही, शेवटी ताक घ्यायला फ्रिज उघडला तर खणात ही व्यवस्था. सुकू नये म्हणून बायकोनं यंदा माती थंड ठेवली आणि गल्लीत सगळ्यांना वाटायला म्हणून भरपूर आणली, असं त्यांनी धरलं. ते नंबराबद्दल काही सांगायला लागले, पण बाईंनी त्यांना तोंड मिटून गप बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत असं बोलणं ऐकायची आचार्यांना सवय नव्हती. ते उठून ओसरीवर जाऊन बसले.

बाई भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या. पोर दीड वर्ष गुडघाभर चिखलात उभी राहिली, जळवा काढल्या, उन्हानं नाक सोललं तरी हसत घरी आली, आणि आपण तिच्या कामाचे बैल करून ठेवले. आता ती काय बोलेल? काही बोलणार नाही, तेच वाईट. गुपचूप सामान भरेल आणि जाईल. तिला फोन करायला त्यांचा हात धजेना. होळग्यांचं पुरण वाटायचं होतं ते तसंच राहिलं.

हेल्मी बाराला आली, अमावास्येचं जेवण अक्कांकडे ठरलेलं होतं म्हणून. दोरीवरच्या पिशव्या तिनंही पाहिल्या असणार, कारण आत आली ती पांढरीफटक होऊन. पाटाकडे बघितलं आणि तिथंच खाली बसली. बाईंनी तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. चूक ह्यांची नव्हे, आपण सांगायला हवं होतं, काय बोलायचं ते आपल्याला बोल म्हणाल्या. हेल्मी मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

तेव्हा ओसरीवरून बाळाचार्य आत आले. त्यांनी मधला एक बैल उचलला आणि हेल्मीपुढं उताणा धरला. पोटावर काडीनं कोरलेलं होतं, सत्तावीस.

"सत्तावीसच्या पिशवीतली माती, सत्तावीसचाच बैल," ते म्हणाले. "एकातला कण दुसऱ्यात नाही. दर वेळी हात धुऊन, पुसून घेतलेत. छत्तीस वर्षं पेपर तपासले मी, एकाची पुरवणी दुसऱ्याच्या पेपराला कधी लागू दिली नाही."

हेल्मी आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग एकेक बैल उचलून पोट बघायला लागली. मग मांडी घालून तिनं सगळे एका ओळीत लावले, एकपासून बत्तीसपर्यंत, आणि तिघंही वाकून बघायला लागली. पुढचे बैल काळेभोर, मग कॉफीच्या रंगाचे, एकोणीस नंबर राखाडी, आणि तिथून मागं लाल होत होत बत्तिसावा अगदी कौलासारखा. नळीत हे असं कधी दिसलं नव्हतं, हेल्मी म्हणाली. एकोणीस नंबरच्या काळात आसपास खूप काहीतरी जळलंय, तिथंच आधी बघायला हवं. बोटं बाहेरून लागली तर लागली. बैलाच्या पोटातली माती घ्यायची, ती कुणाला शिवलेली नाही. हे सांगताना तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. बाईंनी देवाला हात जोडले, यजमानांनाही जोडावेत असं क्षणभर वाटलं, पण ते काही जोडले नाहीत.

मग त्यांनी पूजेचं तबक ओढलं आणि कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं. हेल्मीनं त्यांचं मनगट धरलं.

बाजारच्या कुंकवात शिसं असू शकतं, आणि तिला मातीतलं शिसंच मोजायचं होतं. बरं, मग फूल वाहते, बाई म्हणाल्या. फुलात परागकण. नुसतं निरांजन ओवाळते. निरांजनाची काजळी. उदबत्ती तर विचारूच नका. आता बाईंचं डोकं तापलं. कुंकू नको, फूल नको, दिवा नको, मग पूजा करायची कशानं? आणि मांडलेली पूजा तशीच उचलून न्यायची नाही, ह्या घरात ते कधी झालेलं नाही आणि त्यांच्या हातून व्हायचं नाही. सासूबाईंना वर गेल्यावर काय तोंड दाखवायचं?

हेल्मीनं ओळीतल्या बैलांवरून एकदा नजर फिरवली. मग तिनं मनगट सोडलं.

"पूजा करा, अक्का," ती म्हणाली. "बैल तुमच्या घरचे आहेत. मी तिकडे धारवाडला सांगेन की माती मिळाली नाही."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. पण ती अगदी मनापासून म्हणत होती, आणि लगेच उठून पुरणाच्या पातेल्याकडे वळली, जणू मदत करायला लागली की विषय मिटेल. बाईंचं बोट कुंकवातच राहिलं. त्यांनी पाटाकडे बघितलं, पातेल्यावर वाकलेल्या पोरीकडे बघितलं. करंडा मिटला आणि बोट पदराला पुसलं.

त्यांचे वडील प्रवासात मानसपूजा करत. गदगच्या गाडीत, खिडकीशी डोळे मिटून, अभिषेकापासून आरतीपर्यंत सगळं मनातल्या मनात, आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. देवाला ती कमी पडली असं कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी हेल्मीला हात धुऊन शेजारी बसायला सांगितलं. डोळे मिटले आणि तिला कळावं म्हणून मोठ्यानं बोलत गेल्या, आता ह्यांना पाणी घालते, आता हळद, आता कुंकू, आता शेवंतीचं फूल, प्रत्येकाला एक. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ. हेल्मी हळू आवाजात त्यांच्यामागून म्हणत होती. बत्तीस बैलांना बत्तीस वेळा म्हणायचं, मध्ये एकही गाळला नाही. आचार्य दाराशी उभे राहून मोजत होते. होळग्या जेवायला तीन वाजले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः धारवाडला गेल्या, चिगरी बसनं, मांडीवर डब्यात बैल. विसर्जनाचं काय, ही टोचणी होतीच. पण हेल्मीनं सांगितलं की पोटातली माती घेतली की ती पाण्यातच विरघळवायची, आणि उरलेली सगळी तळ्यात परत सोडायची. त्यांनी ते पटवून घेतलं.

प्रयोगशाळेत पांढऱ्या टेबलावर हेल्मीनं बैल ओळीनं उभे केले. हातमोजे घातले, पातं घेतलं, एक नंबर उचलला आणि थांबली. पुन्हा पातं टेकवलं आणि पुन्हा थांबली. दीड वर्ष ज्या दिवसाची वाट बघितली तो आला होता, आणि तिचा हात चालत नव्हता.

"पूजा झालेला बैल आहे हा, अक्का," ती म्हणाली.

जयलक्ष्मीबाईंना हसू आलं. त्यांनी बैलाच्या वशिंडावरून एकदा बोट फिरवलं.

"म्हणूनच तर. पूजा करून बैल काय दावणीला बांधून ठेवायचे असतात? दुसऱ्या दिवशी शेतात न्यायचे असतात ते. जुंप त्याला."

हेल्मीनं मान डोलावली आणि पातं चालवलं.