निळा सदरा, नारिंगी जाकीट

ये रे ओनच्या ख्वाना, ये. दगडावर बसू नकोस, दगड गार आहे. झऱ्यात पाय सोडू नकोस, ते पाणी कोणाचं नाही.

इथवर बुआलाईनं सगळं बरोबर म्हटलं.

उजव्या हातात ओढ्यातली कोळंबी धरायची जाळी. जाळीत केळीच्या पानावर चिकट भाताचा गोळा, सोललेलं उकडलेलं अंडं, आणि खाली घडी घातलेला निळा सदरा. पंज्यांच्या डोंगरावर, पुढं आलेल्या कातळाखाली, तिची पोर जिथं पडली होती तिथल्या हवेतून तिनं जाळी फिरवली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. कातळावरचे लाल पंजे तिच्याकडे तळवे करून होते. ते कोणी उमटवले, कधी उमटवले, हे मठातल्या भिक्खूंनाही ठाऊक नाही.

जाळी जड झाली.

ख्वान, म्हणजे अंगातला जीव, आला की जाळी हलते, काठीवर चतुर बसावा इतकीच. जड होत नाही. बुआलाईला हे माहीत होतं. पण आली याचाच तिला इतका आनंद झाला की जड का, हे तिनं विचारलं नाही.

*

चल रे घरी. चूल पेटलीय, चटई घातलीय.

ओन एकोणीस वर्षांची. अम्नात चरोएनला फारसं कोणी येत नाही. येतात ते रस्ता चुकलेले, नाहीतर कातळावरची रानफुलं बघायला आलेले. अशांना ओन डोंगर दाखवायची. त्या दिवशी बँकॉकच्या एका कुटुंबाला पंजे दाखवताना तिचा पाय शेवाळावरून सटकला. पुरुषभर उंचीवरून पडली. खरचटण्यापलीकडे काही नाही, असं आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं सांगितलं. पण त्या दिवसापासून ओन दाराकडे तोंड करून बसून होती. पापणी लवायची, घास गिळायची नाही. दचकल्यावर ख्वान अंगातून उडतो आणि जिथं उडाला तिथंच घुटमळतो, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तो उपसून आणायचा असतो. आईनं आणावा, वाटेत कोणाशी बोलू नये, मागं वळून बघू नये.

बुआलाई जिन्याशी आली तेव्हा शेजारची थोंगमुआन वर उभी होती. रीतीप्रमाणे तिनं विचारलं, "आली का?"

"आली," असं घरातल्यांनी म्हणायचं असतं. नवरा रायोंगला समुद्रावर, मासेमारीच्या बोटीवर. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आली," आतून ओनच म्हणाली. "पायांना किती माती लागलीय ग."

थोंगमुआन रडली आणि हसली. दोघींनी मिळून ओनच्या अंगात निळा सदरा घातला, ख्वान पुन्हा उडू नये म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधला. ओननं अंडं खाल्लं, भात खाल्ला आणि आणखी मागितला.

*

ती जेवायला लागली. रानकारल्याचे उकडलेले शेंडे मिटक्या मारत खाल्ले, वर पित्त घातलेलं कच्चं मांस मागितलं. ओनला कडू कधी

ती मागावर बसली. डावा पाय खाली दुमडून. आखूड धोटा झरझर फिरवला, काठ असा सरळ की बघत राहावं. ओनला विणकाम कधी

जिन्याखाली बघून तिनं चुचकारलं, "दाम, ये, ये." दाम म्हणजे काळा कुत्रा. तो मेला त्याला

ही वाक्यं बुआलाई मनातही पुरी करत नव्हती. पुरी केली तर उठावं लागलं असतं. ती चुलीपाशी बसून राहायची आणि मागाचा आवाज ऐकायची. सहा पावसाळे तो आवाज घरात नव्हता. रोज सकाळी ओनच्या मनगटाचा दोरा सुटून चटईवर पडलेला असे. बुआलाई तो उचलायची आणि पुन्हा बांधायची.

*

एका सकाळी थोंगमुआन डोंगरावरून आली, रिकामी टोपली घेऊन.

"ओन कुठंय?"

"ही काय, मागावर. का ग?"

"मग वर कोण बोलत होतं?"

बुआलाईनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं.

"मला वाटलं, पोर बरी झाली न झाली तोच पाहुणे घेऊन गेली. हाक मारणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, 'पाऊल जपून ठेवा, इथं शेवाळ आहे. पंज्यांना हात लावू नका, आपला घाम त्यांना बाधतो.' नेहमीचंच ग तिचं. मग म्हणाली, 'सगळे आले का?' पुढं जाऊन बघते तर कोणी नाही. शेवाळावर पावलं माझीच."

"सकाळी सकाळी घेतलीस वाटतं."

"कापणी होईपर्यंत मी थेंबाला शिवत नाही, तुला ठाऊक आहे." थोंगमुआननं टोपली पालथी करून दाखवली. "वर्षातली शेवटची अळंबी होती, बये. टोपलीभर. सगळी टाकून पळाले. प्यायलेली बाई अळंबी टाकत नाही."

आत मागाचा आवाज थांबला होता.

*

बुनमा आजोबा देवराईचे राखणदार. राईतली काटकी मोडायची तरी त्यांना विचारून. ते पायरीवर केरसुणी बांधत बसले होते, आणि बुआलाईला बघून त्यांनी बांधणं थांबवलं नाही.

"हाक कोणाला घातलीस?"

"ओनला."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"भात?"

"ताजा."

"कपडा?"

"ओनचाच. रोज अंगात असतो तो निळा."

"शिवला कोणासाठी?"

बुआलाईनं नीळ स्वतः मडक्यात आंबवली होती. महिनाभर हात कोपरापर्यंत निळे होते. गळ्याशी लाल दोऱ्याची दुहेरी टीप घातली होती, फिनला आवडायची म्हणून. फिन, थोरली. अळंबी वेचायला गेली होती, पाचोळ्याच्या रंगाचा साप पाचोळ्यातच होता. त्याच कातळाखाली सापडली. त्या दिवशी अंगात दुसरे कपडे होते. सदरा मागं राहिला. पुढं ओन त्याच्या मापाची झाली.

"फिनसाठी," ती म्हणाली.

"हं." आजोबांनी गाठ आवळली. "ख्वान नावावर येत नाही, वासावर येतो. तू हाक एकीला घातलीस नि बिछाना दुसरीचा घातलास."

"मेलेल्याला ख्वान नसतो म्हणतात."

"म्हणतात. जेवतोय ना तुझ्या घरी?"

बुआलाई खांद्यावरच्या कापडाच्या टोकाशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "दोघी राहिल्या तर?"

"एका टोपल्यात दोन कोंबड्या अंड्यावर बसवून बघ."

"आणि ओन?"

आता आजोबांनी केरसुणी खाली ठेवली. "डोंगरावर कोणी एकटंच बोलत राहिलं की डोंगर उत्तरं द्यायला लागतो. त्याच्या आधी तिला आण. आणि बुआलाई, या वेळी तिचं स्वतःचं काहीतरी ने."

*

स्वतःचं.

शाळेचा घागरा फिनचा. स्वेटर फिनचा. लुंग्या काठ उसवून लांब केलेल्या, फिनच्या. चपलासुद्धा. बुआलाई कपाटासमोर मांडी घालून बसली, आणि धाकट्या पोरीला आपण आजवर नवं काही घेतलंच नाही हे तिला एकेका घडीतून कळत गेलं.

जिन्याखाली सायकलच्या दांडीवर नारिंगी जाकीट होतं. पंचायतीनं वाटाड्यांना दिलेलं. पडताना खांद्याला फाटलेलं, म्हणून बुआलाईनं सायकल पुसायला टाकलेलं. धुतलं नव्हतं. तिनं नाकाशी धरलं. डास पळवायचं गवती चहाचं तेल, खोकल्याच्या गोळ्या, घाम.

थोंगमुआननं जाळीत डोकावून पाहिलं. "सरकारी जाकिटात ख्वान येतो होय?"

"येईल. मोठ्या तोऱ्यात मिरवायची ते."

जाळीत तिनं भात ठेवला. अंडी दोन ठेवली. दोन का, हे थोंगमुआननं विचारलं नाही.

मागावरून आवाज आला, "आई, ते जाकीट कशाला?"

"पुसायला."

"एवढं कापड पुरं करू दे ना."

"किती राहिलंय?"

"विणीन तेवढं."

बुआलाई आत गेली. मागावर ओनचं तोंड होतं, ओनच्या भुवया, भुवईवरचं खरचटलेलं. त्यातून कोणीतरी तिच्याकडे बघत होतं, रागानं नाही.

"तू मला परत नेतेस, आई?"

बुआलाई मागाच्या कडेशी खाली बसली.

"मला तिथं कोणी हाकच मारली नाही ग. सगळे आले, अंग उचललं, गेले. मी वाट बघितली. मग तू आलीस तर सदरा माझा आणि नाव ओनचं. मला वाटलं, चालेल."

"चुकले मी, बाळा."

"चुकलीस म्हणून तरी घरचं जेवले." तिनं सदरा उतरवला, बाह्या आत घालून घडी केली. फिन घालायची तशी, चौकोनी. आणि जाळीत ठेवला. "कारल्याला मीठ कमी होतं."

मग ती सरकत दाराकडे तोंड करून बसली. नजर विझली. पापणी लवत राहिली.

*

ये रे ओनच्या ख्वाना, ये.

ऊन पुन्हा शेंड्यांवर होतं. कातळावरची निळीजांभळी फुलं मिटायला लागली होती. बुआलाईनं आधी सदरा घेतला, लाल पंज्यांच्या खाली पसरला, त्याच्या बाह्या नीट केल्या. त्याला हाक मारायची नव्हती. हाक मारली असती तर तो उठून आला असता. ती ओठ घट्ट मिटून बाह्या सारख्या करत राहिली.

"पाऊल जपून ठेवा," तिच्या पाठीशी कोणी म्हणालं. "इथं शेवाळ आहे."

आवाज बसका झाला होता. आणि शेवटच्या शब्दामागून कातळातून आणखी कोणीतरी हळूच म्हणालं, आहे.

बुआलाईनं जाकीट जाळीत पसरलं. "ओन. ओन, चल घरी. तुझं जाकीट आणलंय. फाटलंय, मी शिवीन. नवा सदरा शिवीन, तुझ्या मापाचा, तुझ्यासाठी."

"सगळे आले का?"

सगळे आले का, कातळ म्हणाला.

"सगळे आले," बुआलाई म्हणाली. "तूच राहिलीस."

तिनं जाळी फिरवली. काठीवर चतुर बसावा तसं काहीतरी झालं. एवढंच.

*

उतरताना तिनं वाक्यं पुरी केली.

ओनला कडू कधी चालत नाही. ओनला विणकाम कधी जमलं नाही, काठ नेहमी वाकडा. दाम मेला त्याला चार वर्षं झाली. फिन मेली.

मागं पाचोळा वाजत होता. तिचं पाऊल, मग आणखी एक पाऊल. देवराईशी ते थांबेल असं तिला वाटलं. थांबलं नाही. वळून बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर जाळीतलं हलकं उडालं असतं. मागचं पाऊल डावीकडे जरा फरपटत होतं. डावा पाय दुमडून तासन्‌तास बसणाऱ्याचं फरपटतं तसं.

थोंगमुआन जिन्याच्या वर उभी. "आली का?"

आतून काही नाही.

"आली का ग?"

बुआलाई पहिल्या पायरीवर थांबली. जाळी तिनं छातीशी धरली होती. आत चटई करकरली. कोणी खाकरलं, बसक्या, कंटाळलेल्या घशानं.

"आली. पायरी ओली आहे, आई. पाऊल जपून ठेव." आणि मग, "शी, कारलं कोणी उकडलंय?"

बुआलाईनं एका हातानं कठडा धरला. थोंगमुआन हात द्यायला खाली वाकली आणि तिच्या खांद्यावरून मागं बघून तशीच राहिली.

"बुआलाई, तुझ्या मागं—"

"माहितीय मला."

ती पायऱ्या चढायला लागली. दुसऱ्या पायरीवर थांबून तिनं जाळीतून एक अंडं काढलं, हात मागं नेला, आणि न बघता सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं. बोटांना अगदी किंचित गार लागलं. मग ती वर गेली.