आईच्या गाण्यातली तिसरी ओळ

बाप्तिस्मा घेऊन घड्याळजीला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्याने चष्मा चार वेळा बदलला, पण संध्याकाळी दिवा लावताना आई म्हणायची ते चार ओळींचं गाणं काही सोडलं नाही. पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हा ‘घशाचा व्यायाम’ असं त्याने गंभीरपणे सांगितलं होतं.

आता नातीला ते गाणं शिकायचं होतं.

“दिवा लागला, दार उघडं ठेवा, दूर गेल्याला वाट दिसू दे, देवा...”

“पुढे?”

पुढे काहीच नाही. तिसरी ओळ इतकी वर्षं तो नुसती गुणगुणून मारून नेत होता.

ती सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण. तिने बाप्तिस्म्यापासून अबोला धरलेला. आई गेल्याचा निरोपही शेजाऱ्याकरवी पाठवला होता. तिला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. ती गेली की ओळही गेली. घड्याळजीने हत्यारांची पिशवी उचलली.

“कशाला आलास?” दार अर्धंच उघडलं.

“भिंतीवरचं घड्याळ बघायला.”

“चालू आहे ते.”

“चालू आहे तोवरच बघावं, आक्का. बंद पडल्यावर सगळेच बघायला येतात.”

आक्काने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत घेतलं. खिडकीखाली तेच टेबल होतं. त्यावर त्याने पहिलं घड्याळ उघडलं होतं आणि आईचा ओरडा खात तीन दिवस जोडलं होतं. स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे अजून शाबूत होते. त्यांवरून बोट फिरवत त्याने खरं काय ते सांगितलं.

“तुझ्या देवाला विचार की.”

“विचारलं. त्यानेच इकडे पिटाळलं.”

हसू लपवायला आक्काने खोकला काढला. मग गाऊ लागली. तिसरी ओळ आली: “मेंढपाळा, माझं कोकरू सांभाळ...”

घड्याळजी ताडकन उठला. “अगं, हे आमच्या प्रार्थनेतलं!”

“ठाऊक आहे. याच टेबलावर बसून महिनाभर घोकून आमचे कान किटवलेस. तू गेलास त्या संध्याकाळी आईने जुनी ओळ काढून ही घातली. मी म्हटलं, अगं, परक्यांचं आहे ते. तर म्हणते, पोर त्यांच्याकडे आहे, मग सांगायचं कोणाला?”

घड्याळजी परत खाली बसला.

“आणि तू?”

“रोज म्हणते. रागाने म्हणते, पण म्हणते.”

“मग जुनी ओळ?”

“तीच गेली रे.”

दोघांनी बरंच डोकं खाजवलं. तिला एक शब्द आठवला, त्याला दुसराच. त्यावरून भांडण जुंपलं, तेही लहानपणच्या भाषेत. शेवटी तो थकून म्हणाला, “पोरीला काय शिकवू मग?”

“आईने म्हटलं ते.” बाहेर अंधारून आलं होतं. आक्काने काड्यापेटी त्याच्याकडे सरकवली. “लाव. तिसरी तू म्हण. तुमची आहे.”

“आईची आहे,” तो म्हणाला. दिवा पहिल्याच काडीला लागला. आवाज काही लागेना, तेव्हा तिसरीही आक्काच म्हणाली.