ब्युइकची गळती

सुकन्यानं चहाचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि वाकून खाली पाहिलं. अंगणात जुन्या ब्युइक गाडीच्या पोटाखालून चार पाय बाहेर आले होते. दोन निळ्या डांगरीतले, खालच्या मजल्यावरच्या हेर क्राउस यांचे. उरलेले दोन राखाडी पँटीतले, लोकरी मोज्यांवर सँडल चढवलेले. ते तिच्या वडिलांचे.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी अण्णा न्युरेम्बर्गमध्ये पुठ्ठ्यावर उताणे पडले होते.

"अण्णा, चहा निवतोय!"

पाय हलले नाहीत. गाडीखालून आधी एकाचं, मग दोघांचं हसू ऐकू आलं. मिरजेच्या घरात अण्णा असे हसल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं कप उचलला, आत नेला आणि चहा मोरीत ओतून टाकला.

"लोकांना सवत येते," पेपरातून डोकं वर न काढता तिचा नवरा गौरांग म्हणाला, "तुला सावत्र बहीण आली. त्रेपन्न सालची, पोटाला सुटलेली, पण काय चमकते."

"तुझं झालं असेल तर भाजी चिरून दे."

"मी म्हणतो, होऊ दे की त्यांची करमणूक. इथं येऊन टीव्हीसमोर बसले असते तर त्याचीही तक्रार केली असतीस."

गौरांगच्या बोलण्यात चूक नव्हती, म्हणूनच ते खुपलं. पहिल्या दिवशी क्राउसनी गाडीवरची ताडपत्री ओढली तेव्हा तीच दुभाषी म्हणून खाली उभी होती. अण्णांनी बॉनेटच्या बाजूची गोल भोकं बोटानं मोजली होती. तीन. "तीन म्हणजे साधी. चार असती तर बड्या घरची," ते म्हणाले. तिनं जर्मनमध्ये सांगितलं. क्राउस इतके खूश झाले की त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या लहानपणी, लढाईनंतर, अमेरिकन सैनिक असल्या गाड्या घेऊन रस्त्यानं जायचे आणि पोरं 'आमीश्लिटन' म्हणून मागं धावायची. आमी म्हणजे अमेरिकन, श्लिटन म्हणजे बर्फावरची घसरगाडी. पुढं फ्युर्थच्या छावणीतले सैनिक गाशा गुंडाळून परत निघाले, तेव्हा एक सार्जंट ही ब्युइक क्राउसना विकून गेला. "आता अमेरिकेत ही आजोबांची गाडी समजतात," क्राउस म्हणाले, "आणि चीनमध्ये साहेब लोकांची."

"आमच्याकडं डॉक्टरांची," अण्णा म्हणाले. "गल्लीत ब्युइक शिरली की समजायचं, आता माणूस वाचणार."

एवढं भाषांतर झाल्यावर त्यांनी सुकन्याकडं वळून हात हलवला होता. "तू जा गं वर. तुझी कामं असतील. आमचं जमतंय."

त्यांचं खरोखरच जमलं. अण्णांना जर्मनमध्ये आभाराचं 'डांके' आणि निरोपाचं 'चूस' एवढंच येत होतं, क्राउसचं इंग्रजी पाना-पकडींपुरतं होतं, आणि तरी सकाळची अंघोळ झाली की अण्णा जे खाली उतरत ते जेवायलाच वर येत. तिच्याशी बोलणं नेहमीचंच. मीठ बरोबर आहे. गार आहे आज. कपिलचा फोन आला होता का?

ब्युइक तिला नवी नव्हती. मिरजेच्या माडीवर एक लोखंडी खाट होती, तीच त्यांची ब्युइक. पुढं अण्णा डॉक्टर म्हणून बसत. शेजारी तिचा भाऊ कपिल, हातात ताटाचं स्टिअरिंग. सुकन्याला मागं चादर पांघरून झोपवत, कारण गाडीत कोणीतरी पेशंट हवाच. गाडी निघाली की अण्णा कपिलला गोष्ट सांगत. ज्याचं नाव या गाडीला मिळालं तो डेव्हिड ब्युइक मूळचा नळ-मोरीची कामं करणारा. लोखंडी बाथटबावर एनॅमल बसवायची रीत त्यानं काढली, मग ते सगळं सोडून गाड्यांच्या नादी लागला, कंपनी काढली, ती हातातून गेली. म्हातारपणी स्वतःच्या नावाची गाडी रस्त्यानं जाताना बघायची आणि स्वतः पायी चालायचं. एकदा तिनं चादरीतून तोंड काढून विचारलं होतं, "एनॅमल लोखंडाला चिकटतं कसं?"

"पेशंट बोलत नसतो," कपिल म्हणाला होता. अण्णा हसले होते.

कपिल आता पुण्यात विमा विकत होता आणि गाडीतलं त्याला फक्त हॉर्न कुठं असतो तेवढं कळत होतं. सुकन्या धातुशास्त्र शिकली. इथं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ओव्हनच्या आतल्या एनॅमलवर काम करत होती. एनॅमल म्हणजे काचच; काच आणि लोखंड, दोघांचं तापल्यावर फुगणं वेगळं, निवल्यावर आकसणं वेगळं. तरी एकमेकांना धरून ठेवायचं. चिकटतं कसं, हे आता तिला माहीत होतं. ते अण्णांना अजून सांगायचं राहिलं होतं.

त्यासाठी तिनं शनिवार धरून ठेवला होता. वर्षातून एकदा कारखाना घरच्यांसाठी उघडा असायचा. भट्टीच्या लाल तोंडासमोर अण्णांना उभं करायचं, राखाडी भुकटी फासलेला पत्रा आत सारायचा, चकचकीत होऊन बाहेर काढायचा आणि म्हणायचं, अण्णा, तुमच्या ब्युइकनं हेच केलं होतं. वाक्य तिनं मनात इतक्यांदा घासलं होतं की त्याला कुठं खरखर उरली नव्हती. त्यापुढच्या मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

जेवताना तिनं सहज म्हणावं तसं म्हटलं, "शनिवारी लवकर निघू या. दहाला उघडतं."

अण्णांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. "शनिवारी क्राउसचा मेळावा आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांचा. सगळे येतात म्हणे, पार कार्ल्सरूहेहून. मी येतो म्हणून सांगितलंय."

"पण मी तुमचं नाव दिलंय गेटवर."

"गौरांग जाईल की. मला तुझ्या त्या मशिनीतलं काय कळणार?"

गौरांगनं सुकन्याकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उगाच जागचा हलवला.

"ब्युइकमधलं कळतं," ती म्हणाली.

"तिच्यातलं कळायला काय, लहानपणापासून बघतोय." अण्णांनी ताटाभोवती पाण्याचं बोट फिरवलं आणि उठले.

भांडी घासताना तिला खालून क्राउसच्या रेडिओचा आवाज येत होता. एका पातेल्याच्या बुडाला तिनं इतका जोर लावला की तारेची घासणी हातात सुटी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात हेर क्राउस. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बादली.

"फ्राऊ साठे, माफ करा. आल्झो, मला तुमचं न्हाणीघर बघावं लागेल."

"का? काय झालं?"

"गळती." त्यांनी आवाज खाली आणला, शेजारधर्म म्हणून. "तुमच्या बाथटबला. माझ्या छतावर अजून डाग नाही, मी रात्री टॉर्च लावून पाहिलं. पण लपवून उपयोग नसतो. आधी कळलं तर किरकोळ काम, उशिरा कळलं तर सबंध छत."

"आमचा टब गळत नाही, हेर क्राउस. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या वडिलांनी."

सुकन्याची पकड दाराच्या कडीवर घट्ट झाली. तिच्या घरात राहायचं, तिच्या हातचं खायचं, तिच्याशी दोन वाक्यं बोलायची नाहीत, आणि तिच्या घरातल्या उणिवा खाली जाऊन या माणसाला सांगायच्या. त्याही नसलेल्या.

"कधी सांगितलं?"

"रोज सांगतात. म्हणून तर मी आलो." क्राउसनी बादली खाली ठेवली, कारण पुढचं सांगायला दोन्ही हात लागणार होते. "पहिल्यांदा मला वाटलं, गाडीबद्दलच म्हणतायत. जुनी गाडी, तेल सोडतेच. मी खाली पुठ्ठा घातला. दोघांनी आत जाऊन सगळं तपासलं. कोरडी! त्यांना विचारलं तर ते मान हलवतात, हसतात, आणि वर बोट दाखवतात. तुमच्या खिडकीकडं. मग ते बाथटब करून दाखवतात," त्यांनी हवेत टबाचा काठ रेखला, "आणि म्हणतात ब्युइक, एनॅमल, सेम सेम. आणि पुन्हा तुमच्या खिडकीकडं बोट. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एनॅमलला तडा गेलाय. गेनाऊ? बरोबर ना?"

सुकन्या प्रयोगशाळेतली बाई होती. राग आला तरी न जुळणारी गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे.

"पण अण्णांना जर्मन येत नाही," ती सावकाश म्हणाली. "गळतीला काय म्हणतात, हे त्यांना कुठून माहीत?"

"तो एक शब्द त्यांना पक्का येतो. उच्चार थोडा लांबवतात, पण स्वच्छ." क्राउसनी अण्णांसारखी मान किंचित तिरकी केली, हात वर उचलला आणि म्हणाले, "लेक. माजी लेक. उषार लेक."

जिन्यात कुणाचं तरी दार लागलं. क्राउस वाट बघत होते.

"कधी कधी असंही करतात," ते म्हणाले आणि त्यांनी मूठ छातीवर ठेवून दाखवली. "म्हणून मला वाटलं, फार काळजीत आहेत. पाणी बंद करायचं का आपण?"

"नको," सुकन्या म्हणाली. "नको. पाणी असू द्या. मी बघते."

"पण आहे ना? गळती?"

"आहे."

"वा! बघा, मी म्हणत होतो."

बादली तिथंच सोडून ती चपला न घालता जिना उतरली. अंगणात ऊन होतं. ब्युइकची सगळी दारं उघडी होती आणि अण्णा पुढं उजवीकडं बसले होते. मिरजेच्या खाटेवरही ते याच बाजूला बसत आणि स्टिअरिंग डावीकडं कपिलच्या हातात असे. इथंही ते डावीकडंच होतं आणि अण्णांनी जागा बदलली नव्हती. समोर काही नसताना दोन्ही हात मांडीवर ठेवून ते रस्ता बघत असल्यासारखे बसले होते.

सुकन्या मागच्या सीटवर जाऊन बसली. सीटला जुन्या रबराचा आणि पॉलिशचा वास होता.

अण्णांनी मान वळवली. "अनवाणी का आलीस? आणि क्राउस बादली घेऊन कुठं गेला होता?"

"गळती शोधायला."

"सापडली?"

"सापडली म्हणतात."

"बरं झालं. किती दिवस शोधत होता बिचारा. मला कळेचना काय हवंय ते." ते पुन्हा समोर बघू लागले.

झाडावर कबुतरं फडफडली. तिनं पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"अण्णा, तो बाथटबवाला. त्याचं पुढं काय झालं?"

"तुला ठाऊक आहे की."

"मला कधी सांगितलंत? कपिलला सांगायचात."

अण्णांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांना गाडीचं काळं ग्रीस लागलं होतं. ते पुसावं असं तिला वाटलं, पण त्या दोघांत तसं काही कधी नव्हतं.

"शनिवारच्या मेळाव्याला मी जाणार आहे," ते म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो. शब्द दिलाय."

"जा."

"तुझा कारखाना सोमवारी चालू असतो?"

"असतो. पण सोमवारी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."

"हं." त्यांनी अंगठ्यानं गुडघा चोळला. "दारापर्यंत सोडतात ना?"

"दारापर्यंत सोडतात."

"मग झालं." आणि मागं न बघताच, जरा मोठ्या आवाजात, "अशी मागं काय बसलीस? पुढं ये. पेशंट आहेस का तू?"

ती उतरली. पुढं रिकामी जागा एकच होती. वळसा घालून ती डावीकडच्या दारातून आत शिरली आणि स्टिअरिंगमागं बसली. चाक केवढं तरी मोठं होतं, पातळ आणि उन्हानं तापलेलं.

"हां," अण्णा म्हणाले. "तर तो नळ-मोरीची कामं करायचा. आणि त्यानं लोखंडावर ते बसवायची रीत काढली." ते थांबले. "म्हणजे तुझंच काम. हे पुढचं तूच सांग. मला ते चिकटतं कसं ते कधी कळलं नाही."

सुकन्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात क्राउस टॉर्च घेऊन जिन्यातून बाहेर आले आणि अण्णांच्या बाजूच्या खिडकीत वाकले.

"उंड? लेक?"

सवयीनं अण्णांचा चेहरा फुलला. हात खिडकीबाहेर, वर दुसऱ्या मजल्याकडं गेला. "लेक! येस, येस, माझी..."

मग शेजारी कोण बसलंय ते त्यांना आठवलं. हात हवेत तसाच राहिला. तो त्यांनी आत घेतला आणि काचेवरची नसलेली धूळ पुसू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

क्राउसनी मान डोलावली, सुस्कारा टाकला आणि टॉर्च लावून पुन्हा गाडीखाली वाकले. सुकन्यानं त्यांना थांबवलं नाही.