उत्कर्षाच्या गाण्याचे शब्द

चाकणच्या रस्त्यावर नौशादच्या गॅरेजसमोर रणजीतने मोटारसायकल उभी केली, तेव्हा मागे बसलेली त्याची लेक उत्कर्षा काहीतरी सांगत होती. हेल्मेट काढता काढता त्याने हसून मान डोलावली. ती काय म्हणाली ते त्याला कळलं नव्हतं. पण मान डोलावली की पोर खूश होते, एवढं तो अलीकडे शिकला होता.

लांबच्या प्रवासाची दणकट गाडी होती ती. पुढच्या काचेखाली स्पीकर बसवलेले. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत बापलेक तिच्यावरून कोकणात जायचे. यंदा प्रवासात ऐकायला उत्कर्षाने स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून दिलं होतं. शब्द तिचे, चालही तिचीच. स्नेहसंमेलनात तेच गाणं म्हणून तिने पहिला नंबर काढला होता. रणजीत तेव्हा अगदी पुढे बसला होता. लोक हसले तेव्हा तो हसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याने सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. पण भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसा नुसता सूर त्याच्यापर्यंत येत होता, शब्द काही पोचत नव्हते.

घरी आल्यावर त्याची बायको साधना म्हणाली, "एवढं गायली तुमच्यावर, आणि तुमचे डोळे कोरडेच?"

हॉलचा माईक भिकार होता, असं त्याने सांगितलं. मग फोनवर ऐकून पाहिलं, तर फोन जुना झालेला. गाडीवर ऐकलं, तर स्पीकरच आवाज खात होते. लेकीला विचारायची सोय नव्हती. बापाने आपलं गाणं ऐकलंच नाही असं तिच्या मनाने घेतलं तर? म्हणून आज तो नवे स्पीकर आणि त्यांना जोर द्यायला अँप्लिफायर घेऊन आला होता. कोकणात जाण्याआधी ते शब्द त्याला ऐकायचे होते.

नौशादने सीट काढली, टाकी सैल करून उचलली. अँप्लिफायर सीटखाली बसवला, बॅटरीजवळ फ्यूज लावून त्याला जाड वायर दिली आणि स्पीकरच्या वायरी टाकीखालून पुढे नेल्या. हेडलाइटच्या वायरीला या वायरी चिकटू द्यायच्या नाहीत, नाहीतर गाण्यात घरघर येते, असं तो उत्कर्षाला समजावत होता. ती वाकून बघत होती, एकामागून एक प्रश्न विचारत होती. रणजीत त्या दोघांची हलणारी तोंडं बघत उभा राहिला.

त्याची सगळी नोकरी प्रेसशॉपमध्ये गेली. पत्र्यावर दणके घालणारी अजस्र यंत्रं, दिवसभर नुसता धडाड धडाड आवाज. कानात घालायला कंपनी बोंडं द्यायची, ती याच्या खिशात असायची. साहेबांची फेरी आली की कानात, फेरी गेली की परत खिशात. त्याला काम शिकवणारे यशवंतराव म्हणायचे, "प्रेस बोलती लेका. कान बुजवलंस तर तुझ्यासाठी ती मुकी व्हईल." आणि ते खोटंही नव्हतं. पत्र्याला आकार देणारी डाय झिजली की आवाज बदलतो, पत्रा तिरका गेला तरी बदलतो. रणजीतला तो फरक कुणाच्याही आधी कळायचा. पुढे नव्या पोरांना त्यानेही हेच शिकवलं. कंपनीत दरवर्षी कान तपासायचे, तेव्हा समोरच्या माणसाचा हात हलला की हा बटण दाबायचा. तपासणीत कधी काही निघालं नाही.

जोडणी झाली. नौशादने गाणं लावलं आणि आवाज वाढवला. पलीकडच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. उत्कर्षाने हसत कानांवर हात ठेवले.

"मोठा झाला रे, पण साफ न्हाई," रणजीत म्हणाला. "बारीक आवाज वाढव की."

नौशादने वाढवला. रणजीतने पुन्हा मान हलवली. नौशाद त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने गाणं बंद केलं, काढलेले जुने स्पीकर टेबलावरच्या स्टिरिओला जोडून तेच गाणं कान लावून ऐकलं, आणि हळूच रणजीतच्या पाठीमागे गेला.

उत्कर्षा दचकून मागे बघू लागली, म्हणून रणजीतही वळला. नौशाद हातातला किल्ल्यांचा जुडगा जोरजोरात खुळखुळवत उभा होता. किल्ल्या एकमेकींवर आपटताना रणजीतला स्पष्ट दिसत होत्या.

नौशादने जुडगा खिशात टाकला आणि पोरीला चहा सांगायला टपरीवर पाठवलं. मग तो रणजीतच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, जुने स्पीकर चांगलेच होते," तो सावकाश म्हणाला. "आमचे अब्बा घणाच्या खात्यात होते. शेवटी शेवटी आम्ही त्यांच्यासमोर जाऊनच बोलायचो."

रणजीत गाडीला टेकला. त्याने विचारलं, "काय म्हनती रे ती गाण्यात?"

नौशादने नजर खाली घातली. पण मान खाली घालून भागणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तोंड वर केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"माझ्या बाबाचे कान फार तिखट,
मशीन कण्हली की उठतो झटपट.
मागे बसून मी बोलते हळू,
वाऱ्यातसुद्धा त्याला येतं ऐकू."

उत्कर्षा चहा घेऊन आली. "आता नीट येतंय का हो बाबा?" तिने विचारलं. हे मात्र त्याला तिच्या ओठांवरून कळलं. मान डोलावणं सोपं होतं, आणि त्याची मान हललीही होती जराशी. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"न्हाई गं बाळा. स्पीकर बरा हाय. माझे कान गेलेत."

उत्कर्षाने विचारलं,

"मग मी गाडीवर मागून बोलायचे, ते?"

रणजीतने चहाचा कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

परतताना स्पीकर बंदच होते. निघताना त्याने उजवा आरसा वळवून तिच्या चेहऱ्याकडे केला, म्हणजे ती बोलली तर निदान दिसेल. चऱ्होलीत घर येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा आरशात बघत होता. तिच्या हेल्मेटची काच वर होती, तोंड पुरतं दिसत होतं. तिचे ओठ एकदाही हलले नाहीत.