बोर्डाचं तोंड

उन्हाळा संपायच्या आत शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या. घरटी एक माणूस रोज दगड वाहत होता. ज्या घरांतले पुरुष इराणला मजुरीवर गेले होते, तिथून बायका आल्या. माझा नवराही तिकडेच, म्हणून मीही दगड वाहिले. छप्पर तेवढं राहिलं होतं. पत्रे काबूलला, शाळा बांधून देणाऱ्या संस्थेच्या गोदामात पडून होते, आणि पत्र्यांच्या आधी बोर्ड आला.

बोर्ड दारापेक्षा मोठा. निळ्या रंगावर शाळेचं नाव, पैसे देणाऱ्या देशाचा झेंडा आणि खाली ‘जागा दिली : अरबाब सखीदाद’. सखीदादकाका आमच्या गावचे अरबाब. पाण्याच्या पाळ्या तेच ठरवतात, भांडणं तेच मिटवतात. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं.

“रस्त्याच्या कडेला लावू,” ते म्हणाले. “येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे.”

“दिसेलच,” मी म्हटलं. “खालच्या दरीतल्या शाळेचाही दिसला होता.”

ती शाळा गेल्या हिवाळ्यात जाळली. कोणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या गाड्या अधूनमधून आमच्या रस्त्यानेही जातात.

“काबूलला शिकायला गेली आणि घाबरट होऊन आली!”

“घाबरटच आहे मी, काका. शिकवायला मी येईन. पण हा बोर्ड रस्त्यावर लागला, तर मलीहाला घरी ठेवणार.” मलीहा माझी मुलगी, सहा वर्षांची.

“घ्या! मास्तरीणच पोर घरी ठेवणार,” शेजारची गुलचमन म्हणाली. “मग आम्ही काय शेळ्या पाठवायच्या शाळेत?”

लोक हसले. हसून झाल्यावर गुलचमन म्हणाली, तिच्याही दोघी येणार नाहीत. मग आणखी एक बाई तेच म्हणाली.

संस्थेचा इंजिनिअर बासिर कपाळाला हात लावून बसला. “ताई, माझ्या हातात काही नाही. बोर्ड सिमेंटात पक्का हवा, पुढे मुलं उभी हवीत. तो फोटो पोचला की पत्रे सुटतात. एकदा बर्फ पडलं की खिंड बंद. मग वसंतातच भेटू.”

“फोटोत रस्ता दिसायला हवा?”

त्याने कागद चाळले. “रस्त्याचं काही लिहिलेलं नाही.”

“मग बोर्डाचं तोंड अंगणाकडे करा.”

“म्हणजे माझं नाव शेंबड्या पोरांनी वाचायचं?” काका म्हणाले.

“ती निदान वाचतील तरी,” गुलचमन म्हणाली. “ट्रकवाल्यांना कुठे वाचता येतंय?”

काका उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर खांबांचे खड्डे ते स्वतःच खणत होते, अंगणाच्या बाजूला. रस्त्यावरून भिंतच वाटावी म्हणून आम्ही बायकांनी बोर्डाच्या पाठीला गवत कालवलेली माती लिंपली. फोटो गेला. बाराव्या दिवशी पत्रे आले.

शाळेच्या पहिल्याच दिवशी त्यांची एक गाडी थांबली. मुलं वर्गात होती, मी मलीहाला घेऊन फाटकाच्या आड. काका बाहेर दगडावर बसलेले.

“बाबा, हे काय बांधलंय?”

“बटाट्याचं कोठार.”

“एवढं मोठं?”

“पीक बरं आलंय, अल्लाची कृपा.”

“कोणाचं आहे?”

“गावाचं. कोणा एकाचं नाही.”

गाडी गेली. मलीहाच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

काकांनी निभावलं. पण पोरं तर दिवसभर रस्त्यावरच खेळतात. फळ्यावर लिहिलेलं पहिलं अक्षर, अलिफ, तसंच ठेवून मी वर्गाला विचारलं, “कोणी विचारलं, हे काय आहे, तर काय सांगायचं?”

“शाळा!” तेवीसच्या तेवीस ओरडली.

मी पहिल्यापासून समजावलं. ‘बटाट्याचं कोठार’ असं चार वेळा म्हणून घेतलं.

“पण बटाटे कुठायत?” मलीहाने विचारलं. “त्यांनी आत येऊन बघितलं तर?”

“उद्या प्रत्येकाने घरून दोन-दोन आणा,” मी म्हटलं, आणि अलिफकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दाराशी ढीग लागला. गुलचमनने तर पोतंभर पाठवले, कोंब आलेले. मलीहा आपले दोन ओढणीत बांधून माझ्यापुढे चालत होती. हात धर म्हटलं, तर म्हणाली, हात रिकामा नाही.